विकायच्या दिवशी तू चालवजो

ताई,

तुझी गाडी अजून अंगणात उभी आहे. तिच्यावर तूच टाकलेली ताडपत्री आहे आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर तूच ठेवलेल्या विटा. परवा तुझा जलदानविधी झाला. मंडळी जेवून गेली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. आता बार्शीटाकळीच्या या घरात आई आणि मी दोघंच आहोत, आणि दारात ती. उद्या सकाळी ती मला अमरावतीला न्यायची आहे. गिऱ्हाईक तिथलं आहे.

मला भीती वाटते आहे. असलं काही सांगायला माझ्याकडे एकच माणूस होतं, म्हणून तुलाच सांगतो.

परवा मला तुझ्याबद्दल बोलायला उभं केलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा हा चांगलं बोलेल असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. मी तुझ्या नोकरीबद्दल बोललो, अकोल्याच्या दवाखान्यातल्या तुझ्या रातपाळ्यांबद्दल बोललो, आपल्या घरातला पहिला पदवीधर तू कसा घडवलास ते बोललो. गाडीचं नाव काढलं नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "गाडीनंच नेलं बाईले." मी ऐकलं आणि तरी बोलत राहिलो. ताई, त्या सकाळी गाडी ताडपत्रीखाली होती आणि तू ओट्यावर पालक निवडत बसली होतीस. आईने चहा आणला तेव्हा तू भिंतीला टेकलेली होतीस आणि एक जुडी तशीच मांडीवर होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्यात गाडी कुठून आली? पण लोकांना काहीतरी कारण हवं असतं. खरं सांगायचं तर मलाही हवं आहे.

तुझा पहिला फोन आठवतो. तू निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते.

"मास्तर, मले गाडी घ्यायची हाय. दोन दारायची."

"ऑटो?"

"ऑटोले दारं असतात का रे येड्या? स्पोर्ट कार."

मला वाटलं, घरात बसून करमत नाही म्हणून चेष्टा करते आहेस. पण तू सगळा हिशेब जुळवून ठेवला होतास. नवी घ्यायची नाही. जुनी घ्यायची, म्हणजे जेवढी किंमत पडायची तेवढी पहिल्या मालकाच्या दारात पडून गेलेली असते. पाडव्याला घ्यायची, उन्हाळा-पावसाळा चालवायची आणि दिवाळीच्या आत विकून मोकळं व्हायचं. एखादा मोठा खर्च निघायच्या आत.

"पण ठेवायचीच नाही तर घ्यायची कशाला?" मी विचारलं.

"साऱ्या नोकरीत मी रजा घेतल्या नाईत. सरकारनं त्याचे पैसे देल्ले. ह्या माह्या रजा हायेत, मास्तर. आता घेतो."

तरी मी अडवलंच. लोक हसतील म्हणालो. सुटे भाग मिळणार नाहीत, आपल्याकडच्या रस्त्यांवर पोट घासेल, अपघातात सापडलेली गाडी रंगवून गळ्यात मारतील म्हणालो. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "पोट घासन हे मात्र तू बराबर बोलला."

त्या एका भीतीपायी आपण काय केलं, आठवतं? गावातल्या गॅरेजवाल्याने अशा गाडीच्या पोटाखाली जागा किती असते ते सांगितलं. तू त्या मापाचा लाकडी ठोकळा सुताराकडून कापून आणलास. मग माझ्या स्कूटरवर मागे बसून, घरापासून अकोल्याच्या हमरस्त्यापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक तू मोजलास. आपल्याकडे ज्याला वाटलं त्याने आपल्या दारासमोर मुरूम टाकून एक उंचवटा केलेला. दर ठिकाणी मी स्कूटर उभी करायचो, तू वाकून ठोकळा लावायचीस आणि ओरडायचीस, "पास!" किंवा "तिरपी घ्या लागन!" लोकांना वाटलं आपण सरकारी माणसं. एका गावात एक म्हातारे धोतर सावरत आले.

"मॅडम, हे काढून राहिले का तुमी?"

"नाई बाबा, नुसतं मोजून राहिलो."

"मंग आमच्या दारापुढं बी एक टाका ना. पोट्टे लय जोरात जातात."

तू गंभीर चेहऱ्याने ठोकळा त्यांच्या दारासमोर रस्त्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "पाहतो." मी पुढे जाऊन स्कूटर थांबवली, कारण हसून माझा तोल जात होता. आपल्याला वाटलं, रस्ता मोजून झाला. तो उन्हाळ्याच्या तोंडाचा रस्ता होता. पीक निघाल्यावर तोच रस्ता कसा होतो, ते आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोघंही इथलेच असून!

गाडी वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे मिळाली. त्यांचा मुलगा परदेशात गेला होता आणि ही लाल, बुटकी गाडी पॅकिंग शेडमध्ये खोक्यांच्या राशीमागे उभी होती. गॅरेजवाल्याने आधीच जाऊन ती खालून-वरून पाहिली होती. अपघाताची नव्हती, पण उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या आणि उभी राहून राहून टायर कडक झाले होते. ते सगळं बदलून द्या, मग बोलू, असं तू कळवलंस. त्यांनी बदललं. आपण गेलो तेव्हा तू पर्समधून स्टेथोस्कोप काढलास आणि चालू इंजिनाच्या झाकणावर लावलास. मला वाटलं, जमीन फाटावी.

"बाई, गाडी बिमार नाई आमची," व्यापारी म्हणाले.

"ते मी सांगतो."

बराच वेळ तू डोळे अर्धे मिटून ऐकत होतीस. नंतर रस्त्यात मी विचारलं, काय ऐकू आलं? तू म्हणालीस, "काई नाई. घरघर. पण मी त्यायच्या तोंडाकडं पाहून राहिली होती. लपवणारा माणूस असता तर घाबरला असता. ते तर हसू दाबून राहिले होते." निघताना त्यांच्या पत्नीने चाकाखाली लिंबू ठेवायला आणला. तू तो हातात घेतलास, हुंगलास आणि म्हणालीस, "वहिनी, एवढा चांगला लिंबू चेंदू नका. सरबत करा, पिऊनच जातो." आपण सरबत पिऊन निघालो.

गाडी तू माझ्या नावावर करायला लावलीस. कारण विचारलं तर म्हणालीस, "विकायची तुले हाय." दवाखान्याची जीप चालवायला तू शिकलीस तेव्हा मी शाळेत होतो. मी स्वतः चाळिशीत लायसन काढलं आणि पाकिटात ठेवून दिलं. वरूडहून अमरावतीपर्यंत तू चालवलंस. मी शेजारी, रस्त्याला जवळजवळ टेकलेला. ट्रकची चाकं माझ्या डोक्याच्या उंचीवरून जात होती. गाडीत संत्र्याचा वास इतका मुरला होता की आता संत्रं सोललं की मला तीच गाडी आठवते. मोर्शी मागे पडल्यावर तू एकदाच वेग वाढवलास. मी डोळे मिटून घेतले. ते तुला न बघताच कळलं.

"डोये उघड मास्तर. पैसे देल्ले आपण."

अमरावतीत माझ्या घरासमोर गाडी थांबवून तू अट घातलीस. "घ्यायच्या दिवशी मी चालवली. विकायच्या दिवशी तू चालवजो. एकटा." मी हो म्हणालो. दिवाळी लांब होती. लांबच्या गोष्टींना मी नेहमीच हो म्हणतो.

मी असाच होतो. मला अमरावतीला कॉलेजात टाकलंस त्या दिवशी तू फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होतीस. मला म्हणाली होतीस, वळून पाहू नको, सीधा आत जा. मी सरळ आत गेलो आणि जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. तू तिथेच होतीस. तास संपला, पुन्हा पाहिलं, तू तिथेच. त्या दिवसाची रजा तरी तू घेतली होतीस की रातपाळी करून तशीच आली होतीस, हे मी कधी विचारलं नाही. मी पास होत गेलो, पुढे शिकवायला लागलो, आणि लोक म्हणाले मुलगा हिमतीचा आहे. हिमतीचा कसला? माझ्या प्रत्येक फाटकाबाहेर तू उभी असायचीस.

आणि या उन्हाळ्यात आपलं अंगण! गाडीत जागा एकाच बाईची, त्यामुळे संध्याकाळी बायांची रांग. दवाखान्यातल्या तुझ्या जुन्या मावश्या अकोल्याहून बस करून यायच्या. एकेकीला तू गावाबाहेरच्या वळणापर्यंत नेऊन आणायचीस. उतरल्यावर प्रत्येक बाई आधी पदर नीट करायची आणि मग हसत सुटायची. आईला तू बळेच बसवलंस. ती परत आली आणि म्हणाली, "बैलगाडीत बी माणूस याच्याहून वर बसते." पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तिने विचारलं, आज कोणाचा नंबर हाय?

मला तू दर सुट्टीत बोलावत होतीस आणि मी तुझ्या शेजारी बसत होतो. स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी.

मग सोयाबीन निघालं.

अकोल्याच्या रस्त्यावर सुमनबाईचं थोडं शेत आहे. तुझ्याकडे ती इंजेक्शन घ्यायला यायची. त्या दिवशी तिने सोंगलेलं सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वाट बघत कडेला बसली होती. चाकांखाली शेंगा फुटतात, दाणा सुटतो. इथे सगळेच करतात. तू गाडी थांबवून काच खाली केलीस.

"थ्रेशर काहून नाई लावला?"

"एवढ्याशा मालाले तो येत नाई, बाई. ट्रकवाले बी आज इकडून येऊन नाई राहिले."

"सरक. मी मळून देतो."

मी म्हणालो, ताई, नको. कशासाठी नको, ते मला सांगता येत नव्हतं, नुसतीच भीती. तू म्हणालीस, "तू सारं आयुष्य नकोच म्हणत आला." आणि पुढे-मागे, पुढे-मागे सुरू. खाली कडकड आवाज येत होता. सुमनबाई टाळ्या वाजवत होती. स्पोर्ट कारने मळणी करणारी बाई तिने कशाला पाहिली असेल! गतिरोधकासाठी मोजलेल्या त्या पोटाखाली सगळं वाळलेलं कुटार, काड्या आणि टरफलं, गच्च भरत होतं आणि वर सायलेन्सर तापलेला. आधी मला भाजलेल्या शेंगांचा वास आला. मग पुढून धूर वर आला.

"मास्तर, उतर."

तुझा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दवाखान्यात ऐकणाऱ्यांनी ऐकला असेल. मला उतरता येईना. पट्ट्याचं बटण कुठे ते कळेना, हात नुसते छातीवर फिरत होते. तू फिरून माझ्या बाजूला आलीस, दार उघडलंस, पट्टा सोडवलास आणि दंडाला धरून मला बाहेर ओढलंस. खाली ज्वाळ दिसत होती, लहान, पिवळी. सुमनबाईने पाण्याचा डबा आणला. तू तिचंच दाताळं घेऊन, गाडीखाली आडवी होऊन, जळतं कुटार बाहेर ओढलंस. मी माती टाकली. एवढं मी केलं.

विझलं. गाडीला फार काही झालं नाही. तू रस्त्याकडेच्या दगडावर बसलीस आणि मी तुझा हात धरला. तो थंडगार होता. तुझा हात! मी तुझ्याकडे पाहतच राहिलो.

"काय पाहून राहिला? मले बी भेव वाटते रे."

"तुला?"

"दवाखान्यात भ्यायले फुरसत नव्हती. घरी आलो तं सारं शांत. आई झोपली का, घड्याळ वाजते तेवढंच. त्याचं जे भेव वाटते नं मास्तर, ते ह्या आगीचं बी नाई वाटलं. म्हणलं, भ्यायचंच हाय तं जरा मजेनं भिऊ."

मी हे ऐकलं आणि काय बोललो? म्हणालो, उद्याच्या उद्या विकून टाकू. तू म्हणालीस, दिवाळीपर्यंत ठरलं हाय. मी चिडलो होतो. खरं म्हणजे घाबरलो होतो, पण माझं दोन्ही सारखंच दिसतं. म्हणालो, मग विकायच्या दिवशी मी येणार नाही.

"येशीन. भीत भीत येशीन, पण येशीन."

त्यानंतर मी बसने अमरावतीला गेलो. पुढच्या सुट्टीत यायचं होतं. त्या शांततेबद्दल मला तुला खूप विचारायचं होतं. आता तीच शांतता मी इथे बसून ऐकतो आहे. आई झोपली आहे. दुपार आहे, तरी घड्याळ ऐकू येतं. तू म्हणालीस ते बरोबर आहे, हे आगीपेक्षा वाईट आहे.

गॅरेजवाला म्हणतो, सर, क्रेनवर चढवून नेऊ, कशाला जीव टांगणीला लावता. मी त्याला उद्या सकाळी सांगतो म्हणालो.

*

वरचं काल लिहिलं. आता अकोल्याहून बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसून लिहितो आहे. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी मी विटा उचलल्या. ताडपत्री काढली. त्या आगीनंतर तू केलेला नियम पाळला, निघायच्या आधी अंगणात पालथं पडून गाडीखाली पाहिलं. काही नव्हतं. आत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट तुझ्या उंचीला पुढे ओढलेली आणि तिच्यावर तुझी घडी घातलेली छोटी गोधडी. खालचा दांडा ओढला की सीट मागे जाते, हे मला माहीत होतं. मी ओढला नाही. तसाच बसलो. आई फाटकाशी आली.

"क्रेन नाई बोलावली?"

"नाही."

"हळू जाजो, बापा. ती जात होती तसा जाऊ नको."

किल्ली फिरवली आणि सगळी गाडी माझ्या पाठीत घरघरली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती दोनदा बंद पडली. प्रत्येक गतिरोधकाला मी मोठ्याने म्हणत होतो, पास, तिरपी, पास. तुझ्याच आवाजात म्हणत होतो, एकटाच.

सुमनबाईचं सोयाबीन रस्त्यावरच होतं, दुसऱ्या तुकड्याचं. मी लांबच गाडी थांबवली. पुढे जायची हिंमत होईना. ती धावत आली, वाकून आत पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाई नाई आल्या?"

तिला कळलंच नव्हतं. "बाई गेल्या," एवढंच म्हणालो. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मी वाट पाहून राहिली होती. त्यायच्यासाठी दाणा काढून ठेवला. म्हणलं, न्यायले येतीन."

मागे एक टेम्पो भोंगा वाजवत होता. तिने त्याला हात दाखवून थांबवलं. "थांबा भाऊ, तुमची गाडी बसकी हाय," असं मला म्हणाली आणि दाताळं घेऊन रस्त्यावरचं सगळं पीक एका बाजूला ओढायला लागली. पुरेशी वाट झाली तरी थांबेना. खाली बसून हातांनी काड्या वेचायला लागली.

"राहू द्या, एवढ्याने काही होत नाही," मी म्हणालो.

"होते. बाईची गाडी हाय."

टेम्पोवाला उतरून आला. काय चाललंय ते विचारून तोही वेचायला लागला. काळंभोर, स्वच्छ डांबर झालं. त्यावरून मी गाडी नेली, आणि आरशात ती दोघं कडेला उभी होती.

पुढचा हमरस्ता मी कसा पार केला ते नीट सांगता येणार नाही. मूर्तिजापूरजवळ एक मोटारसायकलवाला बराच वेळ शेजारून चालला. शेवटी काचेवर टकटक करून ओरडला, "भाऊ, गाडी खराब हाय का? ढकलू का?" एसटीने मला ओलांडलं आणि खिडकीतले सगळे खाली वाकून माझ्याकडे बघत होते. बडनेऱ्याच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. मी पाय दाबला. गाडीने मला सीटमध्ये मागे ढकललं. थोडंच अंतर, मग सोडला. घशातून आवाज निघाला, तो किंचाळण्याचा होता की हसण्याचा, मला कळलं नाही. डोळे उघडे होते. ते मी लक्षात ठेवून उघडे ठेवले.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण दंतवैद्य. त्यालाही फार दिवस ठेवायची नाही, बाळ होणार आहे, त्याआधी एक हौस. त्याने सह्या केल्या, गाडीला एक फेरी मारली आणि आत बसायला गेला. गोधडी उचलून माझ्या हातात दिली आणि सीटखालचा दांडा ओढला. खट्. सीट मागे गेली. "आधी कोण चालवत होतं?" त्याने विचारलं. "माझी ताई," मी म्हणालो. तो म्हणाला, "गाडीत संत्र्याचा वास येतो."

ताई, मला वाटलं होतं गाडी पोहोचवली की भीती कमी होईल. झालेली नाही. उद्यापासून काय, हे मला माहीत नाही. आईला अमरावतीला यायचं नाही आणि तिला इथे एकटं ठेवायला मी भितो. माझ्या पुढच्या फाटकाबाहेर कोणी नाही. पण मी आलो, तू म्हणाली होतीस तसाच.

आता बस सुमनबाईच्या शेताशी आली आहे. तिने पीक पुन्हा रस्त्यावर पसरलं आहे. कडेला बसली आहे, माझ्याकडे लक्ष नाही. बस त्यावर चढली. तुझ्या गाडीत येत होता तोच कडकड आवाज खालून येतो आहे. बस उंच आहे, काही होणार नाही, हे मला कळतं. तरी तुझी गोधडी छातीशी धरून मी दोन्ही पाय वर सीटवर घेतले, आणि तू हसतेस का ते पाहायला शेजारी वळलो.